नारद धबधब्यापासून बर्फावरून वर

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, नारदाच्या नावाचा एक धबधबा आहे. माउंट रेनियर या ४,३९२ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरून पॅराडाइज नदी खाली येते, तिच्यावर तो आहे. टाकोमा शहरातल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका शाखेचं नाव ‘नारद’ होतं. तिच्यावरून १८९३ साली धबधब्याला हे नाव मिळालं आणि आजही नकाशावर ते तसंच आहे. नकाशात ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा परमुलखात गावाकडचं कुणी भेटावं तसं मला झालं. तिन्ही लोकी विनासायास फिरणाऱ्या मुनींचं हे नाव, आणि जागा अशी की वर्षातले पाच-सहा महिने तिथे साध्या पायांनी दहा पावलं चालणंही कठीण.

धबधब्याजवळच्या वाहनतळावर गाडी लावायची, यंत्राने लोटून कडेला रचलेल्या बर्फाच्या भिंतीवर चढायचं आणि पलीकडे पाऊल टाकायचं. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. दुसरा मांडीपर्यंत. पहिला उपसायला दुसऱ्यावर जोर द्यावा, तर तो आणखी खाली. लावणीच्या दिवसांत भातखाचरात उतरलेल्याला ही अवस्था ठाऊक असते. पण खाचराला हातभर खाली घट्ट तळ असतो, इथे वसंताच्या तोंडाशी जमीन काही मीटर खाली असते. असं पन्नास-साठ मीटर रेटत गेलं की माणूस घामाने निथळतो, आणि कडाक्याच्या थंडीत अंगावरचे कपडे भिजणं ही संकटाची सुरुवात असते.

तेच पाऊल स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायचे रुंद तळाचे जोडे, बांधून टाकलं की फार तर वीतभर रुततं. उंट वाळूत ज्या कारणाने चालू शकतो तेच कारण इथे. पाठपिशवी आणि कपड्यांसकट माणसाचं वजन ८० किलो धरू. चालताना क्षणभर ते सगळं एकाच पायावर येतं. बुटाचा तळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३२० ग्रॅम भार. मध्यम आकाराच्या स्नोशूचा तळ ११०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिथे ७०-७५ ग्रॅमच. वजन तेवढंच, पण चौपट जागेवर पसरलेलं.

एवढ्याने भागतं, कारण पायाखालचा बर्फ मुख्यतः हवा असतो. ताज्या भुरभुरीत बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं; घट्ट, निखळ बर्फाच्या लादीचं ९१७. म्हणजे नव्या बर्फात दहातले नऊ भाग नुसती हवा, आणि उरलेला एक भाग म्हणजे एकमेकांच्या काट्यांत काटे अडकवून उभे राहिलेले स्फटिक. पाय पडला की काटे मोडतात, कण जवळ येतात आणि जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिकटू लागतात. वितळण्याचीही गरज नसते. शून्याखालच्या तापमानातही सांधे धरतात. म्हणूनच पुढच्याने दाबून केलेली वाट तासाभराने मागून येणाऱ्याला अधिक कणखर लागते. बर्फ ही आपल्या ओळखीची जमीन नाही. कालचा बर्फ आज तसा नसतो, सकाळचा दुपारी तसा नसतो. ही चाल शिकायची म्हणजे मुख्यतः हे बदल पायाने आणि डोळ्याने ओळखायला शिकायचं, असं माझं मत होत गेलं आहे. जोडे बांधायला पाच मिनिटं पुरतात.

इथेच इतका बर्फ का, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि महाबळेश्वर-आंबोलीवर पाऊस ओतून रिकामा होतो. पुढे माण-खटावला त्याच्याकडे द्यायला फारसं उरत नाही. पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्याची कास्केड पर्वतरांगेशी हीच गाठ पडते, फक्त हिवाळ्यात आणि अधिक उंचीवर. रेनियरच्या उतारावर, १,६५० मीटरवरच्या पॅराडाइज या ठिकाणी वर्षाकाठी सरासरी १६ मीटर बर्फ पडतो. १९७१-७२ च्या हंगामात २८.५ मीटर पडला. तो पुढे बरीच वर्षं जागतिक उच्चांक होता. १९९८-९९ मध्ये त्याच रांगेत उत्तरेला माउंट बेकरने जवळजवळ २९ मीटरची नोंद करून तो मोडला. आणि रांगेच्या पूर्वेला याकिमा खोऱ्यात वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. तरी तिथे सफरचंदांच्या बागांमागून बागा उभ्या आहेत, त्या पूर्वउतारावरच्या बर्फाचं पाणी उन्हाळ्यात धरणांतून मिळतं म्हणून. पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘वॉशिंग्टन’चा बिल्ला लावलेलं सफरचंद येतं, ते बहुधा अशाच बर्फाच्या पाण्यावर पोसलेलं असतं.

समुद्र जवळ असल्यामुळे कास्केडचा बर्फ ओलसर आणि जड. कॉलरॅडोच्या कोरड्या, पिठासारख्या बर्फावर फिरलेले लोक त्याला नावं ठेवतात. स्नोशू घालून चालणाऱ्याला मात्र तो बरा. लवकर बसतो, भार झेलतो.

पाय रुतू नये म्हणून त्याला रुंद काही तरी बांधायचं, ही युक्ती किती जुनी? २००३ साली सिमोने बार्तोलिनी हे इटालियन नकाशाकार आल्प्समध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेलगत मोजणीचं काम करत होते. ३,१३४ मीटर उंचीवरच्या खिंडीत, हिमनदीच्या काठाशी त्यांना भूर्जाची वाकवलेली फांदी आणि तिच्यावर ताणून बांधलेल्या दोऱ्या असं एक जुनं पादत्राण सापडलं. कुणा शेतकऱ्याचं शंभरेक वर्षांपूर्वीचं असेल, अशा समजुतीने ते कित्येक वर्षं त्यांच्या कार्यालयात आठवण म्हणून राहिलं. पुढे ते पुरातत्त्वज्ञांच्या हाती गेलं, कालमापन झालं आणि निष्कर्ष आला: इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० या काळातलं. आजवर सापडलेला हा सर्वांत जुना स्नोशू. कुणीतरी साडेपाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो पायात बांधून त्या खिंडीतून चाललं होतं. शिकारीमागे, की पलीकडच्या खोऱ्यात आप्तांकडे? ते काही असो, दोरी आवळताना त्याची बोटं गारठली असणार, हे ज्याने एकदाही बर्फात स्नोशू बांधले आहेत त्याला सांगावं लागत नाही.

ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की कॉकेशस पर्वतातले लोक बर्फासाठी कच्च्या कातड्याची, डफासारखी रुंद आणि खाली खिळे असलेली पायताणं बांधतात. रुंदी रुतू नये म्हणून, खिळे घसरू नये म्हणून. आजच्या स्नोशूची सगळी कल्पना त्या एका वर्णनात आहे. जपानच्या हिमप्रदेशात फांदी किंवा बांबू वाकवून केलेले ‘कांजिकी’ वापरात होते. काश्मिरात भाताच्या पेंढ्याची ‘पुलहोर’ वळत. ती रुंद नसत, पण बर्फावर पकड चांगली देत.

या कलेची खरी उंची मात्र उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी गाठली. क्री, ओजिब्वे, ह्युरॉन अशा अनेक समाजांनी आपापल्या रानाप्रमाणे आकार ठरवले. मोकळ्या माळावर आणि गोठलेल्या तळ्यांवर लांब अंतर कापायचं तर पुरुषभर लांब, निमुळते. दाट झाडीत वळावं लागतं तिथे अस्वलाच्या पंजासारखे आखूड, गोल. मधल्या रानासाठी बीव्हरच्या शेपटीच्या आकाराचे. चौकट ॲश झाडाच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली. जाळी मूस किंवा कॅरिबूच्या कच्च्या कातड्याच्या वादीची. ती ओली असताना विणतात आणि वाळताना ताणली जाते. फ्रेंच लोकांनी ती पाहून नाव दिलं ‘राकेत’, खेळाच्या रॅकेटसारखी दिसते म्हणून. फ्रेंचमध्ये आजही तोच शब्द आहे. कातड्याचा व्यापार करणारे, मिशनरी, सैनिक असे जे कोणी युरोपीय त्या खंडाच्या आत शिरले, ते हिवाळ्यात याच जोड्यांवर शिरले. विणकाम बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या हाती होतं. त्यांची नावं इतिहासाला माहीत नाहीत, पण संग्रहालयातल्या काचेमागच्या त्या बारीक, षट्कोनी विणीकडे पाहताना मला पैठणीच्या मागावरची एकाग्रता आठवते.

लाकूड आणि वादी यांची जागा धातूने घेतली ती याच वॉशिंग्टन राज्यात. कास्केडच्या पूर्व पायथ्याच्या एलेन्सबर्गचे जीन आणि बिल प्रेटर हे भाऊ गिर्यारोहक. लाकडी जोडे डोंगरउतारावर घसरत आणि मोडत, म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट, कृत्रिम रबराचा पत्रा आणि बोटांखाली धातूचे दात असा जोडा घडवला. जीन प्रेटर यांचं या विषयावरचं पुस्तक १९७४ साली आलं आणि माळावरची, रानातली ही चाल डोंगरावर चढली.

आजच्या जोड्याचं मर्म एका बिजागरीत आहे. बूट पुढच्या बाजूला, चवड्यापाशी पट्ट्यांनी घट्ट बांधलेला असतो, टाच मोकळी. पाऊल उचललं की जोड्याचं शेपूट खाली लोंबतं आणि बर्फ झटकला जातो. पाऊल टेकलं की चवड्याखालचे दात उतारात रुततात. चढ खडा असेल तर टाचेखाली एक तार उभी करतात, म्हणजे टाच उंचावर टेकते आणि पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. ही छोटीशी तार ज्याने शोधली त्याला दंडवत घालावा, असं दुसऱ्या तासाला वाटू लागतं. उतरताना गुडघे किंचित वाकवायचे, भार टाचेकडे ठेवायचा आणि घाई करायची नाही. मागे मात्र चालायचं नाही: शेपूट बर्फात घुसतं आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं तर लहानसा फेरा घ्यायचा.

पायातलं एक किलो हे पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकं थकवतं, हे प्रयोगांनी मोजलं आहे, आणि एकेक जोडा किलोभर असतो. म्हणून न मळलेल्या बर्फात वाट पाडणारा पुढचा माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बाजूला होतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि शेवटी येऊन लागतो. या फिरत्या रांगेत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत तासाला तीन-चार किलोमीटर सहज चालणाऱ्याने इथे निम्म्यावर समाधान मानावं.

सह्याद्रीत कमावलेल्या काही सवयीही मागे ठेवाव्या लागतात. सुती कपडा पहिला. आपल्याकडे तो घाम टिपतो म्हणून बरा, इथे तो ओलावा धरून ठेवतो आणि थांबताक्षणी अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे दोन-तीन पातळ थर, चढ लागण्याआधीच एक थर काढायचा. थोडी थंडी वाजत असताना चालायला निघणं हेच बरोबर. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं; उलटी ठेवली की मग तोंडाशी बर्फाचं बूच बसत नाही. काळा चष्मा हवाच: ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो, आणि हवा ढगाळ असली तरी संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचाच. गाडीत टायरच्या साखळ्या ठेवणं हिवाळ्यात माउंट रेनियरच्या राष्ट्रीय उद्यानात बंधनकारक आहे. सिएटलच्या परिसरात संगणक कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबं मुलांना बर्फ दाखवायला अडीच-तीन तास गाडी चालवून इथे येतात. त्यांच्यासाठी सोपी सुरुवात म्हणजे पॅराडाइजवरून निघणारी निस्क्वाली व्हिस्टाची जेमतेम दोन किलोमीटरची फेरी. बरीच वर्षं हिवाळ्यात शनिवार-रविवारी उद्यानाचे रेंजर स्वतः सोबत येऊन स्नोशूवरची चाल शिकवत आले आहेत.

नारद धबधब्यावरून रिफ्लेक्शन लेक्स या तळ्यांकडे जायचं तर वाहनतळामागचा चढ चढावा लागतो. तो खडा आहे, आणि इथे थांबून विचार करावा लागतो. हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं. त्याहून सौम्य उतारावर बर्फ बहुतेकदा टिकून राहतो, त्याहून तीव्र उतारावर तो फारसा साठत नाही. दुर्दैवाने चढायला मोहक वाटणारे उतार नेमके याच मापाचे असतात. हिवाळाभर बर्फ थरांनी साचतो. एखाद्या निरभ्र रात्री पृष्ठभागावर दवासारखे, नाजूक पिसांच्या आकाराचे स्फटिक उगवतात, पाहायला सुंदर. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर वाऱ्याने आणलेला जड थर बसतो. वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं, पण आत ती पिसं पत्त्यांच्या घरासारखी भार पेलत उभी असतात. चालणाऱ्याच्या वजनाने ती एके ठिकाणी कोसळली की कोसळणं भेगेसारखं आडवं धावत जातं आणि वरची लादी सुटते. कधी कधी सपाटीवरही हे घडतं. तेव्हा पायाखालून दबका ‘धप्प’ असा आवाज येतो आणि सगळी जमीन बोटभर खचल्यासारखी वाटते. तो आवाज ऐकला की माघारी फिरायचं. त्या दिवसापुरती पुढे जाण्याची चर्चा संपलेली असते.

याच रांगेत, रेनियरच्या उत्तरेला स्टीव्हन्स पासजवळ, वेलिंग्टन नावाचं रेल्वेचं छोटं ठाणं होतं. १९१० च्या फेब्रुवारीअखेरीस बर्फामुळे दोन गाड्या तिथे कित्येक दिवस अडकून पडल्या. १ मार्चला पहाटेपूर्वी, विजांच्या कडकडाटात वरचा उतार सुटला आणि गाड्या दरीत फेकल्या गेल्या. ९६ माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासातलं ते सर्वांत प्राणघातक हिमस्खलन. त्याआधीच्या वणव्यांनी आणि तोडीने वरचा उतार उघडा पडला होता, बर्फ धरून ठेवणारी झाडं राहिली नव्हती. आज त्या जुन्या रेल्वेमार्गावरून पायवाट जाते.

आता या भागासाठी हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात रोज पाच पायऱ्यांचा इशारा प्रसिद्ध करतं. आपल्या देशातही हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनालीत स्वतंत्र संस्था उभी राहिली, ती मुख्यतः हिमालयातल्या जवानांसाठी. इशारा वाचायचा, उताराचा कोन मोजायचा, संशयित उतार एकेकट्याने ओलांडायचा. सोबत प्रत्येकाकडे गाडलेल्याची जागा दाखवणारं संदेशयंत्र, चाचपायला लांब सळई आणि फावडं, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही. जे करायचं ते सोबत्यांनीच. आणखी एक धोका शांत, सुरेख दिसणाऱ्या जागी असतो: फर आणि हेमलॉकच्या झुकलेल्या फांद्यांखाली बुंध्याभोवती बर्फ साचत नाही, तिथे झाकलेली पोकळ विहीर तयार होते. झाडाच्या अगदी कडेने जाऊ नये.

हे सगळं पाळून वर सपाटीवर आलं की पहिल्यांदा जाणवते ती शांतता. ताज्या बर्फातली हवेची असंख्य छिद्रं आवाज शोषून घेतात, एखाद्या गायनाच्या खोलीला आतून कापूस लावावा तसं. बोलणं आपोआप थांबतं. उन्हाळ्यात ज्या तळ्यांत रेनियरचं प्रतिबिंब पाहायला गर्दी होते, ती तळी आता नुसती पांढरी सपाटी असतात, आणि तिच्यावर खरा डोंगर उभा असतो, पूर्ण, माथ्यापासून पायथ्यापर्यंत.

निर्जीव वाटणाऱ्या त्या सपाटीखाली वस्ती असते. जमिनीच्या उबेने बर्फाच्या तळाशी बोट-दोन बोटं पोकळी राहते. वर उणे पंधरा असलं तरी तिथे तापमान शून्याच्या आसपास. शेतउंदीर आणि चिचुंद्र्या तिथे बोगदे करून हिवाळा काढतात. वरून खोल दबलेली वाट त्यांचे बोगदे चेपते, म्हणूनही मला वाटेवर एका मागे एक चालणं आवडतं.

आणि ससा. स्नोशू हेअर हे त्याचं नावच सांगतं की माणसाने बांधून घेतलं ते याच्याकडे जन्मजात आहे: मागचे पाय लांब, बोटं फाकणारी, तळव्यावर दाट केस. त्याच्या ठशांत मोठे मागचे पाय पुढे उमटतात आणि पुढचे लहान पाय मागे. पहिल्यांदा पाहणारा हमखास उलटी दिशा धरतो. हिवाळ्यात तो पांढरा होतो, दिवस लहान झाल्याच्या खुणेवरून. पण कास्केडच्या पश्चिमेला, सखल भागात, जिथे बर्फ टिकत नाही, तिथले ससे वर्षभर तपकिरीच राहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की हा तपकिरी रंग सांभाळणारा जनुकाचा प्रकार त्यांना पूर्वी कधीतरी जॅकरॅबिट या वेगळ्या जातीशी झालेल्या संकरातून मिळाला आहे. हिवाळे आखडत चालले असताना पांढऱ्या सशांसाठी ही उसनी देणगी पुढे महत्त्वाची ठरू शकते.

परतीची वाट आपल्याच पावलांवरून असते आणि ती चढतानापेक्षा टणक झालेली असते. रात्री वारा सुटला तर भोवतीचा भुसभुशीत बर्फ उडून जातो, पण पावलांखाली दाबून सांधले गेलेले ठसे जागचे हलत नाहीत. दुसऱ्या सकाळी तिथे खळगे नसतात. कुणीतरी काल या वाटेने गेल्याचे लांबट, पांढरे उंचवटे एका मागे एक उभे असतात, नारद धबधब्याकडे उतरणारे.